उभी गाडी काय खाते? मंदीतल्या मालक-चालकाचा हिशेब

जुलै महिना होता. धुळ्याच्या पारोळा चौफुलीजवळ माझ्या मामांची दहा टायर गाडी चौथ्या दिवशीही त्याच जागी उभी होती. ताडपत्रीच्या खळग्यात पावसाचं पाणी साचलेलं, आणि मामा केबिनमध्ये बारक्या गॅसवर चहा ठेवून बसलेले. "मामा, भाडं नाही का?" असं विचारलं तर म्हणाले, "गाडी उभी शे, पन हप्ता चालू शे."

अहिराणीतल्या या एका वाक्यात ट्रकधंद्यातली मंदी सगळी आली. ते वाक्य आकड्यांत मांडलं तर बऱ्याच जणांना उपयोग होईल, म्हणून हा लेख. मी धुळ्यात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब लिहिते. एक-दोन गाड्या असलेली बरीच मंडळी आमच्याकडे येतात. मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. जळगावकडच्या केळीच्या सावद्यापासून दिल्लीपर्यंत काय रेट चाललाय, नवापूरमार्गे सुरतेला काय मिळतं, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण "गेल्या महिन्यात गाडीनं तुम्हाला किती दिले?" असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. यात त्यांची चूक नाही. ट्रकचा खर्च असतोच असा की तो ज्या दिवशी होतो त्या दिवशी दिसत नाही.

गाडी दोन तऱ्हेनं पैसे खाते. उभी असताना खाते आणि चालताना खाते. या दोन खर्चांची सरमिसळ झाली की भाडं परवडतं की नाही हे कळेनासं होतं.

आधी उभ्या गाडीचं बघू. खालचे आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तिथे तुमचे घाला. महिन्याचा हप्ता ४५,००० रुपये. विमा महिन्याला ६,००० च्या घरात, कारण एकूण वजन २० ते ४० टन असलेल्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ताच जून २०२२ च्या दरानं वर्षाला ४३,९५० रुपये होतो आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्यावर वेगळा. नॅशनल परमिटची वर्षाची फी १६,५००, शिवाय टॅक्स, फिटनेस, पीयूसी, असं मिळून महिन्याला ५,००० धरू. शेवटी ड्रायव्हरचा पगार २५,०००.

इथेच मला थांबवतात. "अहो ताई, ड्रायव्हर तर मीच आहे, पगार कुठला?" पण तुम्ही उद्या दुसऱ्याची गाडी चालवलीत तर तो पगार देईलच ना? मग स्वतःच्या गाडीवर फुकट का चालायचं? घरचा किराणा, पोरांची फी, आईची औषधं याच पैशातून जातात. तो आकडा लिहायलाच हवा.

एकूण झाले ८१,००० रुपये. तीस दिवसांनी भागले तर दिवसाला २,७००. गाडी रस्त्यावर असो, झाडाखाली असो की गॅरेजला, रोज सकाळी २,७०० रुपये गेले म्हणून समजायचं. मामांचे ते चार दिवस म्हणजे १०,८०० रुपये होते, आणि खिशातून प्रत्यक्षात गेले होते ते फक्त चहा-जेवणाचे.

आता चालती गाडी. रावेर-सावद्याकडून केळी भरून दिल्ली, अंतर ढोबळमानानं १,१०० किलोमीटर. जाऊन-येऊन २,२००. दोन्ही बाजूंनी भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते असं धरलं तर ५५० लिटर डिझेल, ९० च्या भावानं ४९,५०० रुपये. टोल १०,०००. टायर आणि सर्व्हिसिंग मिळून किलोमीटरला ४ रुपये, म्हणजे ८,८००. युरिया (इंजिनाचा धूर कमी करायला टाकतात तो), जेवणखाण, हमाली, रस्सा-ताडपत्री असं किरकोळ ५,७००. सगळे मिळून ७४,०००.

टायरचे ४ रुपये कुठून आले ते सांगते, कारण पुढे याच रकमेवर गाडं अडतं. दहा टायर, २०,००० च्या भावानं दोन लाख. रिमोल्ड, म्हणजे झिजल्यावर वरून नवीन रबर चढवणं, धरून ८०,००० किलोमीटर चालले तर किलोमीटरला अडीच रुपये झाले. ऑइल, फिल्टर, ब्रेकचे लायनर, स्प्रिंगचे पाटे, ग्रीसिंग यांचा दीड रुपया. रोज पेटीतून कोणी हे ४ रुपये काढून नेत नाही. टायरवाला एकदम दीड वर्षानं येतो आणि दोन लाख मागतो.

आता बाजार चांगला असताना आणि मंदीत या फेरीचं काय होतं ते पाहा.

बाजार चांगला आहे. जाताना ७५,००० मिळाले, येताना ४०,०००, दलाली जाऊन हातात पडलेले. १,१५,००० मधून ७४,००० गेले, उरले ४१,०००. फेरी आठ दिवसांत झाली. आठ दिवसांचा रोजचा २,७०० चा खर्च २१,६००. निव्वळ शिल्लक १९,४००, आणि तीही पगार काढून झाल्यावर.

मंदी आली. जाताना ६८,०००, येताना ३२,०००. लाखातून ७४,००० गेले, उरले २६,०००. पण आता भरायला चार दिवस थांबावं लागलं, दिल्लीत तीन दिवस गेले, फेरीला चौदा दिवस लागले. चौदा दिवसांचे ३७,८००. म्हणजे ११,८०० रुपयांचा खड्डा.

एका फेरीत १९,४०० चा फायदा गेला आणि वर ११,८०० चा तोटा आला. एकूण ३१,२०० चा फरक. यातले १५,००० भाडं पडल्यामुळे गेले. उरलेले १६,२०० गेले ते सहा दिवस जास्त लागल्यामुळे. चौफुलीवर बसलेली मंडळी दिवसभर "रेट पडला, रेट पडला" एवढंच बोलतात. रेट पडलाय हे खरंच आहे, पण त्याच पडलेल्या रेटवर फेरी दहा दिवसांत झाली असती तर तोटा फक्त हजार रुपयांचा होता. मंदीत भाड्यापेक्षा दिवस जास्त मारतात, आणि दिवस कोणी वहीत लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट. चौदा दिवसांत ११,८०० म्हणजे महिन्याला २५,००० च्या आसपास. हा आकडा ओळखीचा वाटतो का? आपण धरलेला ड्रायव्हरचा पगार तेवढाच होता. म्हणजे या मंदीत हप्ता वेळेवर जातो, विमा भरला जातो, डिझेल भरलं जातं, बँकेच्या पासबुकात सगळं ठीक दिसतं. मालक-चालक मात्र महिनाभर फुकट चाललेला असतो. मंदी पहिल्यांदा घरात शिरते. शाळेची फी लांबते, दुकानात उधारी होते. त्यानंतर ती टायरच्या पैशाला हात घालते, म्हणजे ते ८,८०० बाजूला पडायचे थांबतात आणि घरखर्चाला जातात. हप्ता चुकतो तो सगळ्यात शेवटी. म्हणून "माझा अजून एकही हप्ता थकला नाही" असं कोणी म्हटलं की मला बरं वाटण्याऐवजी काळजी वाटते. मी टायरचं विचारते.

भाडी एवढी का पडतात हेही समजून घ्यायला हवं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दहा गाड्या आहेत आणि माल दहा गाड्यांचा आहे, तोवर रेट टिकतो. माल नऊ गाड्यांचा झाला की मालात घट झाली दहा टक्के, पण रेट दहा टक्क्यांवर थांबत नाही. दहावा गडी उभा राहिला तर त्याचे दिवसाला २,७०० जातात, म्हणून तो रेट तोडतो. मग नववा तोडतो. कारखान्यांचे मोठे करार असलेल्या कंपन्यांच्या गाड्या आधी भरतात, त्यांना पुरत नाहीत तेव्हा बाजारातून आपली गाडी लागते. माल कमी झाला की पहिली आपली गाडी बंद होते.

गाड्यांची ताकद वाढूनही हेच होतं. जुलै २०१८ मध्ये सरकारनं एक्सलचं वजन वाढवलं. दहा टायर गाडीचं एकूण मान्य वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं. रस्त्यावर एकही नवीन गाडी न येता देशाची माल वाहण्याची ताकद वाढली, आणि पाठोपाठ बाजार मंदावला तेव्हा छोट्या मालकांना त्याचा चांगलाच चटका बसला.

खान्देशात याला हंगामाची जोड आहे. आपल्याकडून बाहेर जातो तो मुख्यतः शेतमाल. जळगाव भागातली केळी, मृगबाग आणि कांदेबाग या लागवडीच्या दोन्ही हंगामांची मिळून वर्षातले बरेच महिने चालते. दिवाळीच्या मागेपुढे कापूस सुरू होतो, जिनिंगमधून १७० किलोच्या गाठी निघतात. त्याच सुमारास मका, आणि नंदुरबारची मिरची. तेव्हा गाडीला दम खायला वेळ नसतो. पावसाळ्यात मात्र कापूस संपलेला, बांधकामं थंडावलेली, खडी-सिमेंट बंद. केळीवर सगळ्या गाड्या तुटून पडतात. त्यात केळीचा काही माल रेल्वेनंही जातो. म्हणजे आपल्याकडे मंदी दोन तऱ्हेची असते. एक दरवर्षी येणारी, जिची तारीख साधारण माहीत असते, आणि एक बाजारानं आणलेली, जिची तारीख कोणालाच माहीत नसते. दरवर्षीच्या मंदीसाठी फेब्रुवारीपर्यंत दोन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला पडलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. जूनमध्ये ती उभी करता येत नाही.

आता एक तक्रार, जी मी प्रत्येक गाडीवाल्याकडून ऐकते. "राजस्थान, पंजाब पासिंगची गाडी सावद्यात येते आणि आमच्यापेक्षा पाच-सात हजार कमीत केळी उचलून नेते. त्यांना कसं परवडतं?" परवडतं, कारण तिच्यासाठी ते परतीचं भाडं आहे. ती मुंबईला किंवा नाशिकला माल टाकून आली, घरी तिला जायचंच आहे. रिकामी गेली तरी डिझेल आणि टोल लागणारच. मग जे मिळेल ते. तिनं कोणाच्या पोटावर पाय दिला नाही. दिल्लीत आपली गाडीही तेच करते, आणि तिथला स्थानिक गाडीवाला आपल्याला हीच बोलणी घालत असेल.

यातूनच परतीच्या भाड्याचा हिशेब कळतो. जाण्याचं भाडं आणि येण्याचं भाडं एका मापानं मोजू नये. गेल्या वर्षी मामा दिल्लीहून फोनवर होते. समोर ३०,००० चं भाडं होतं, जळगावचंच. दलाल म्हणत होता, तीन दिवस थांबा, ३८,००० चं लावतो. मामांचा जीव ३८,००० वर. मी म्हटलं, थांबा, मांडून बघू.

रिकामी गाडी लिटरला साडेपाच देते, भरलेली चार. म्हणजे भरून यायला ७५ लिटर जास्त, ६,७५० रुपये. टायरची झीज, हमाली, किरकोळ धरून ९,३००. भरण्या-उतरवण्यात एक दिवस जास्त, २,७००. झाले १२,०००. टोल दोन्हीकडे सारखाच. म्हणजे १२,००० च्या वर जे मिळेल ते सगळं गाडीला मिळालं. ३०,००० मध्ये १८,००० राहतात. आणि ३८,००० साठी तीन दिवस थांबायचं तर ८,१०० जातात. जास्तीचे मिळणार ८,०००. तेही दलालाचा शब्द पाळला गेला तर. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठेव फोन, गाडी लावतो."

याचा अर्थ मिळेल ते भाडं घ्यायचं असा नाही. त्या दिवशी १०,००० चं भाडं असतं तर रिकामं येणं बरं होतं. आणि घरून निघताना तर हिशेब उलटा असतो. दिल्लीला एका बाजूचा खर्च ३७,००० (७४,००० चा निम्मा) आणि रिकामं परत यायला २८,००० च्या आसपास, म्हणजे परतीचा भरवसा नसेल तर ६५,००० च्या खालच्या भाड्यानं डिझेल-टायरही निघत नाहीत. अशा भाड्यापेक्षा गाडी उभी बरी. दिवसाला २,७०० जातील, पण दोन हजार किलोमीटरची झीज वाचेल. "चाक फिरलं पाहिजे" हे आपल्याकडचं वाक्य अर्धंच खरं आहे. घाटाचा रस्ता असेल तर सरासरी ॲव्हरेजही धरू नये, सेंधव्याकडचा बिजासन घाट चढताना चारचे तीन होतात. आणि औट्रम घाट २०२३ मध्ये जड वाहनांना बंद झाल्यापासून चाळीसगावहून मराठवाड्यात जायला वळसा पडतो, तेव्हा जुन्या किलोमीटरवर भाडं ठरवलं तर ते अंगावर येतं.

ओव्हरलोडचा मोह मंदीतच जास्त होतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीप्रमाणे दंड २०,००० रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,०००. तीन टन जास्त भरले तर २६,०००, आणि जास्तीचा माल उतरवून घ्यायचा खर्चही आपलाच. पाटे मोडतात, ब्रेक तापतात, घाटात जीव जातो. शिवाय साधा हिशेब आहे. १८ टनांच्या चार गाड्यांनी प्रत्येकी साडेचार टन जास्त भरले की पाचव्या गाडीचं अख्खं भाडं गेलं. दहा गाड्या आणि नऊ भाडी ही वेळ आपणच आपल्यावर आणतो. यावर चौफुलीवर माझ्याशी वाद घालणारे पुष्कळ आहेत, पण मी मत बदललेलं नाही.

पैसे वेळेवर येणं हा वेगळाच विषय. भरताना उचल मिळते, बाकी भाडं पोच पावती दिल्यावर. मंदीत ही बाकी लांबत जाते. मामांचे ४०,००० एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे पाच महिने अडकले होते, "पार्टीकडून (म्हणजे माल पाठवणाऱ्याकडून) आले नाहीत" एवढंच उत्तर. डिझेल रोखीनं आणि भाडं पाच महिन्यांनी, म्हणजे आपण पार्टीला बिनव्याजी कर्ज दिलं. दोन गोष्टी करता येतात. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे, किती तासांनंतर आणि दिवसाला किती, हे बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहून घ्यायचं, तोंडी नको. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवायची. एमएसएमई कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पुढचं भाडं बंद होईल म्हणून तक्रार करायला लोक कचरतात, आणि ती भीती खोटी नाही. पण नोंदणी असलेल्याचा फोन लवकर उचलला जातो, हे मी पाहिलंय.

आयकराचं थोडक्यात. दहापर्यंत गाड्या असतील तर वह्या न ठेवता ठरावीक नफा दाखवायची सोय आहे. एकूण वजन १२ टनांपेक्षा जास्त असलेल्या गाडीला टनामागे महिना १,००० रुपये. २८.५ टनांच्या गाडीला वर्षाचे ३,४२,००० होतात. दुसरं उत्पन्न नसेल तर त्यावर कर लागत नाही. ट्रान्सपोर्टवाला भाड्यातून आधीच कर (टीडीएस) कापत असेल तर पॅनसोबत "माझ्याकडे दहापेक्षा जास्त गाड्या नाहीत" असं लेखी द्यायचं, मग कापायचं कारण राहत नाही. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांचे कापलेले पैसे रिटर्न न भरल्यानं तसेच पडून असतात.

हप्ता खरंच जमणार नसेल तर फायनान्सवाल्याकडे चुकण्याच्या आधी जा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात, जातं आणि मग समोरच्याच्या हातात फारसं राहत नाही. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचं बोलणं होऊ शकतं. ४५,००० चा हप्ता ३५,००० झाला तर दिवसाचे २,७०० चे साधारण २,३७० होतात. व्याज जास्त जाईल, पण गाडी दारात राहील.

गाडी विकावी का, हेही मला विचारतात. दोन वर्षं मिळून पगार निघत नसेल, टायर उधारीवर घ्यावे लागत असतील, तर विकावी, असं मी सरळ सांगते. मात्र जुलैत विकू नये. जुलैत प्रत्येक जण विकायला निघालेला असतो. कापूस सुरू झाला की गिऱ्हाईक घरी येतं. मामांनीही विकायचं मनात घेतलं होतं. दसऱ्यापर्यंत थांबायचं ठरलं, तोवर मी त्यांच्या वहीत दोन रकाने आखून दिले, एक उभ्या दिवसांचा आणि एक टायरच्या पैशांचा. त्या जुलैत उभ्या दिवसांत १३ लिहिलेले आहेत, नोव्हेंबरात ४. टायरच्या रकान्यात जुलैला काहीच नाही, नोव्हेंबरला १७,६०० आहेत. गाडी अजून मामांकडेच आहे.